भरमूच्या भ ची रेघ

परवा दुपारी पंचायतीतनं फॉर्म ९ आणि ११अ (जागेच्या नोंदीचा आणि टॅक्सचा पंचायतीचा उतारा) ची प्रिंट मिळाली. घरी आल्यावर बाबांनी चष्मा लावला आणि वर भिंग धरून ती बघायला बसले. टॅक्स किती लावलाय, लांबी रुंदी बरोबर आहे काय, चतुःसीमा कुठली, ह्यातलं काही बघितलं नाही. स्वतःच्या नावापुढं वडलांचं नाव कसं छापलंय तेवढंच बघत होते. सगळं कन्नडमधे, बाबांना कन्नड अक्षर लावून लावून वाचावं लागतं, त्यामुळे दोन मिनिटं गेली. मग भिंग खाली ठेवलं आणि आत बघून म्हटले, "रेघ हाय. चहा टाक."

आता ही रेघ काय भानगड आहे ते सांगायचं तर मागनं सुरुवात करावी लागते, आणि मागनं म्हणजे बरंच मागनं. बऱ्याच जणांनी विचारलंय की जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, करायला तुम्हाला एवढी वर्षं कशी काय लागली, तर हे त्यांच्यासाठी.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या बाजूला. रस्त्याला लागून १ एकर ६ गुंठे भाताची जमीन, बाबा आणि काका दोघांची. त्यातले रस्त्याकडचे १० गुंठे एनए करायचे आणि तिथं घर बांधायचं, एवढाच विषय. लेआउट नाही, प्लॉट पाडून विकायचं नाही, काही नाही. २०२२ च्या दिवाळीत हे ठरलं आणि माझा अंदाज होता की पुढच्या दिवाळीला वास्तुशांती. हसू नका.

गावात सगळ्यांनी पहिलं हेच विचारलं की एनए कशाला? आणि ते चुकीचं पण नव्हतं, आमच्या वाडीतली निम्मी घरं शेतवडीतच उभी आहेत, कुणी काही विचारत नाही. बेळगावात तर ह्याच्यावर अख्खे नगर बसलेत. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात एकेकाळी बासमती घमघमायचा म्हणतात, तिथं आता शंभराच्या बाँडवर एक गुंठा दोन गुंठे घेऊन लोकांनी बंगले बांधलेत, उताऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव. माझा एक मित्र असल्याच प्लॉटवर राहतो, स्लॅब पडून बारा वर्षं झाली, अजून म्हणतोय अक्रम-सक्रम येणार आणि सगळं रेग्युलर होणार. ती स्कीम २०१७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं स्थगित केली, ते त्याला मी दरवर्षी सांगतो आणि तो दरवर्षी म्हणतो निघंल की काहीतरी.

खरं (आमच्याकडं खरं म्हणजे पण, बाहेरच्यांनी गोंधळू नये) आम्हाला लोन पाहिजे होतं. आणि बँकेत साहेबानी एका कागदावर पेननं लिहूनच दिलं, एनए ऑर्डर, अप्रूव्ड प्लॅन, फॉर्म ९, ११अ, पंचायतीचं लायसन्स, तीस वर्षांचे उतारे. तो कागद मी अजून ठेवलाय. बाबा तो बघून म्हटले, "ह्यापेक्षा घराच्या विटा कमी लागतील."

पहिले काही महिने एका एजंटानं खाल्ले. त्याच्यावर जास्त लिहीत नाही, जीव जळतो. आपलाच माणूस, आपल्याच भाषेत गोड बोलणारा, "दादा तुम्ही टेन्शन घेऊ नका, डीसी ऑफिसात माझं रोजचं जाणं येणं हाय" (डीसी म्हणजे जिल्हाधिकारी), पंधरा हजार ॲडव्हान्स घेतला आणि फोन केला की म्हणायचा फाईल टेबलावर हाय. कुठल्या टेबलावर ते शेवटपर्यंत कळलं नाही. मार्च २०२३ संपता संपता विधानसभेची आचारसंहिता लागली, १० मे ला मतदान झालं, तेवढ्यात ह्याला मस्त कारण मिळालं, सगळे इलेक्शन ड्युटीला. जूनमधे मी स्वतः चौकशी केली तर फाईलच नव्हती. अर्जच केलेला नव्हता.

मग मी ठरवलं की आता आपणच करायचं. शाळा मराठी मीडियम असली तरी कन्नड विषय होता, त्यामुळे वाचता येतं, लिहिताना चुका होतात. माझ्यासारख्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पहिलं काम म्हणजे उतारा घेऊन बसायचं आणि तो पुरा वाचायचा. आपण काय करतो, उताऱ्यावर आपलं नाव दिसलं की घडी घालून पाकिटात. कर्नाटकाचा उतारा म्हणजे आरटीसी, पहाणी, काहीही म्हणा, त्यात ९ नंबर रकान्यात मालकाचं नाव असतंय, १० मधे ते कसं आलं ते, ११ मधे बोजा आणि इतर हक्क, १२ मधे कोण कसतंय आणि पीक काय. आमच्या ११ नंबरात सोसायटीचा बोजा होता. पंपासाठी काढलेलं कर्ज, फेडून वीस वर्षं झालेली, तो पंप पण भंगारात गेला, खरं बोजा जिवंत. सोसायटीच्या सेक्रेटरीनं जुनं रजिस्टर काढून एका दिवसात नो ड्यू दिला, तो लावून बोजा कमी करून घेतला. ते सोपं निघालं.

९ नंबरात बाबांचं नाव होतं. मी ते किती वेळा बघितलंय. पण काउंटरवरच्या बाईंनी (बागलकोट साईडच्या, बोलण्यावरनं कळत होतं) उतारा आणि बाबांचं आधार शेजारी शेजारी ठेवलं आणि उताऱ्यावर पेनचं टोक टेकवून म्हटल्या, "इल्लि गेरि इल्ल नोड्री." इथं रेघ नाही बघा.

कन्नडमधे ब आणि भ मधे फरक म्हणजे खाली एक बारीक उभी रेघ. रेघ असली तर भ, नसली तर ब. आमच्या आज्जाचं नाव भरमू. आधारवर बाबांच्या नावापुढं भरमू. आणि उताऱ्यावर बरमप्प.

मी म्हटलं मॅडम ते एकच की, आमच्या गावात भरमू, भरमा, भरमाण्णा, भरमाप्पा सगळं चालतं, शेजारच्या घरात कल्लाप्पा आहेत आणि त्यांना कन्नडचं एक वाक्य येत नाही. त्या हसल्या, म्हटल्या मला माहीत आहे हो, आमच्याकडं पण असंच असतंय, खरं कंप्युटरला माहीत नाही. वरनं दुसरी गोष्ट दाखवली. ह्या जमिनीच्या मूळ हक्काचा कागद म्हणजे कुळाचा निकाल, त्याच्यावर तिसरंच नाव, भरमाण्णा. एक माणूस, तीन नावं, आणि जमीन एकच. "नीवे प्रूफ माडबेकु," तुम्हालाच प्रूफ करावं लागणार.

हे कसं झालं ते मला नंतर समजलं आणि खरं सांगायचं तर त्यात कुणाचीच लबाडी नाही, म्हणूनच डोकं जास्त फिरतं. आज्जा दुसऱ्याची जमीन कुळानं करायचा. त्यावेळी बेळगाव मुंबई राज्यात, सातबारा मराठीत, त्याच्यावर लिहिणारा मराठी, त्यानं ऐकलं तसं लिहिलं, भरमू. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, म्हणजे जमीन जागेवरच होती, माणसं जागेवरच, कागद तेवढे गेले. मग कूळकायद्याची दुरुस्ती आली, १ मार्च १९७४ पासून कुळाची जमीन सरकारजमा होऊन कुळालाच मिळायची, त्याला फॉर्म नंबर ७ भरायचा. आज्जानं भरला, लँड ट्रिब्युनलचा निकाल झाला, टाईप करणाऱ्या कन्नड क्लार्कनं भरमू हे काही पुरं नाव वाटेना म्हणून मान देऊन भरमाण्णा केलं असणार. मान दिला बिचाऱ्यानं! त्यानंतर हातानं लिहिलेल्या पहाणीत कुणीतरी भरमाण्णाचा भरमप्प केला, आणि २००० च्या आसपास भूमी सॉफ्टवेअर आलं तेव्हा तालुक्याचे सगळे उतारे कंप्युटरात चढवताना कुणाच्या तरी बोटातनं ती खालची रेघ सुटली. बरमप्प. हजारो उतारे चढवायचे, मुदतीत चढवायचे, चढवणाऱ्या पोराला काय माहीत की ह्या एका रेघेवर पुढं कोण घर बांधणार आहे.

आता इथं मला माहीत आहे की कॉमेंटमधे काय येणार. मराठीत कागद दिले असते तर ही वेळ आली नसती. होय, मी पण तेच म्हणतो, मराठीत परिपत्रकं आणि उतारे द्या म्हणून निघालेल्या मोर्चात मी पण चालत गेलोय, आणि बाबांना स्वतःच्या जमिनीचा कागद भिंग धरून लावून वाचावा लागतो ह्याचा राग मला रोज येतो. खरं ती चूक दाखवली कुणी, तर बागलकोटच्या त्या बाईंनी, आणि पंधरा हजार घेऊन गेला तो आपल्या भाषेत गोड बोलणारा. दोन्ही गोष्टी झाल्यात, दोन्ही लिहिल्या.

वकील म्हटले वन अँड सेम ॲफिडेव्हिट करायचं. भरमू, भरमाण्णा आणि बरमप्प हे तिन्ही एकच इसम होते असं बाबांनी शपथेवर सांगायचं. त्याला आधार म्हणून आज्जाचा मृत्यू दाखला (१९८७, पंचायतीचा क्लार्क मराठी होता, त्यामुळे भरमू), वंशावळ, गावातल्या पाच म्हाताऱ्यांच्या सह्यांचा पंचनामा, आणि जुन्या सातबाऱ्याची नक्कल. पंचनाम्याला पाच म्हातारे जमवणं सगळ्यात मजेशीर. आज्जाला बघितलेली माणसं पाहिजेत, म्हणजे सत्तरीच्या वरची, आणि त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. तलाठी आला तेव्हा एकजण देवळाच्या ह्या कट्ट्यावर आणि दुसरा त्या कट्ट्यावर. तलाठ्यानं विचारलं भरमाण्णा म्हणजे कोण, तर ह्या कट्ट्यावरचे म्हटले, "कोण भरमाण्णा? असा कोण नव्हता गावात." माझ्या पोटात गोळा. मग त्या कट्ट्यावरनं आवाज, "अरे आमचा भरमू रे! बैल घेऊन कालव्यात पडलेला तो!" बैलासकट ओळख पटली.

नकलेसाठी रेकॉर्ड रूमला अर्ज दिला, तीन हेलपाटे झाले, चौथ्या वेळी ते पान मिळालं. मी ते बघून जरा गप्पच झालो. पिवळं पडलेलं, कडा झिजलेल्या, निळ्या शाईनं मराठीत लिहिलेलं, कुळाच्या रकान्यात भरमू, आणि पिकाच्या रकान्यात भात, नाचणा. आमच्या शेतात नाचणा होता हे बाबांना पण माहीत नव्हतं. आता सगळं भातच. बाबा म्हटले वरच्या अंगाला असणार, पाणी नव्हतं तिथं.

एवढं सगळं जोडून दुरुस्तीचा अर्ज घातला तेव्हा नोव्हेंबर २०२३. नोव्हेंबर आमच्याकडं आधीच अवघड महिना, एक तारखेला एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक आणि एकीकडं काळा दिन, आणि त्याच्या मागोमाग डिसेंबरात हलग्याच्या सुवर्णसौधमधे अधिवेशन. बेंगळूरचे लोक पंधरा दिवस येऊन जातात, आणि आमच्या ऑफिसातले लोक त्याच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर आठ दिवस त्याच कामात. काउंटरवर विचारलं की "अधिवेशन मुगीली री," अधिवेशन संपू दे. जानेवारीत गेलो तर सर्वर डाऊन. मार्चमधे लोकसभेची आचारसंहिता, बेळगावचं मतदान ७ मे ला. जूनमधे ज्या बाईंना सगळं माहीत होतं त्यांची बदली. नवीन माणसाला मी पहिल्यापासनं सांगितलं, रेघ, भ, बैल. शेवटी हरकतीची नोटीस निघाली, हरकत कुणी घेतली नाही आणि ऑगस्ट २०२४ ला उताऱ्यावर भरमू आलं. एका रेघेला नऊ महिने. बाई बाळंत व्हायला लागतात तेवढे, असं आई म्हटली.

ह्या मधल्या काळात वकिलांनी दुसरा दगड टाकला होता. आज्जा वारला तेव्हा वारसा लावला फक्त दोन पोरांचा, बाबा आणि काका. दोन आत्यांची नावंच नाहीत. १९९० साली तसंच करायचे, पोरी नांदायला गेल्या म्हणजे झालं. वकील म्हटले आज्जानं मृत्युपत्र केलं नव्हतं, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुली पहिल्या वर्गातल्या वारस, बँकेचा पॅनेल वकील पहिलं हेच धरणार. (हे पण १९५६, आमच्या घराला त्या वर्षानं काही सोडलेलं नाही.) म्हणजे आत्यांकडनं हक्कसोड.

धाकटी आत्या गावातच, ती सकाळी येऊन सही करून दुपारी घरी. थोरली आत्या दिली चंदगड तालुक्यात, घरापासनं तासाभराचा रस्ता खरं दुसरं राज्य. तिचं आधार महाराष्ट्राचं, मराठीत, सासरचं आडनाव, आणि नाव पण लग्नात बदललेलं. आता ही बाई म्हणजे ह्या भरमूची मुलगी हे कर्नाटकात सिद्ध करायचं तर आणखी एक ॲफिडेव्हिट, लग्नाआधीचं नाव आणि लग्नानंतरचं नाव. मी तिला समजवायला गेलो तर ती भाकरी थापतच होती, तोंड वर न करता म्हटली, "म्हणजे आता मी माझ्या बापाची हाय हे सरकारला सांगूचं, आणि मग मला कायबी नको म्हणून सांगूचं. दोन्ही एकाच दिवशी?" काय उत्तर देणार. मला तिथं लाजच वाटली, कारण ती बरोबर होती. बाबांना घरी येऊन सांगितलं, बाबा आणि काकांनी रात्री बसून ठरवलं, दोघी बहिणींना काहीतरी द्यायचं. काय दिलं ते घरचं आहे. आत्या आली, सब रजिस्ट्रार ऑफिसात अंगठा, फोटो, सही सगळं झालं, बाहेर येऊन म्हटली आता कुंदा घेऊन दे, आणि एक किलो कुंदा घेऊन चंदगडला गेली.

मग मोजणी. सर्वे नंबरचा एक तुकडाच एनए करायचा असला की ११ई स्केच लागतंय, म्हणजे नेमके कुठले दहा गुंठे ते सरकारी नकाशात काढून. मोजिणीत (मोजणीच्या सरकारी सॉफ्टवेअरमधे) अर्ज आणि पैसे भरले की नंबर येतो. माझी विनंती होती की भात कापल्यावरच या, उभ्या पिकात पाय नको. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला सर्वेअर आला. तरुण पोरगा, कन्नड, मराठी समजत नाही, हिंदी थोडं. मशीन लावली, आमचा बांध आणि त्याच्या मशीनचा बांध ह्यात तीन फुटाचा फरक. शेजारचा लगेच बांधावर येऊन उभा, त्याच्या मागं त्याचा पोरगा, त्याच्या मागं पोराचा मोबाईल, शूटिंग चालू.

सर्वेअरनं जुनं टिप्पण, म्हणजे पहिल्या मोजणीच्या मापांचा कागद, काढलं. ते ब्रिटिश काळचं, मराठीत, आकडे देवनागरी. त्याला आकडे लागत होते, बाकी लागत नव्हतं. बाबा शेजारी उकिडवे बसले आणि वाचायला लागले, "साखळी सात, आणे नऊ." तो म्हटला हां हां, चैन अने! त्याला ट्रेनिंगमधे हेच शिकवलेलं. ३३ फुटाची साखळी, तिचे १६ आणे, आणि एक साखळी बाय एक साखळी म्हणजे गुंठा, १०८९ स्क्वेअर फूट. बाबा मराठीत वाचत गेले, तो मशीनवर कन्नडमधे पुटपुटत फुटात करत गेला, आणि अर्ध्या तासानं एका ठिकाणी बोट दाखवून म्हटला इथं खणा. काकांनी पहारीनं खणलं, दीड फुटावर ठक्क आवाज. सरबांधाचा दगड. शेजाऱ्याच्या पोरानं शूटिंग बंद केलं.

तीन फूट कुणाचे निघाले विचारू नका. शेजाऱ्याचे निघाले. आम्हीच इतकी वर्षं खात होतो. बाबांनी तिथंच सांगितलं की कुंपण दगडाच्या आत घालणार, शेजाऱ्यानं त्या दिवसाचं जेवण घातलं, सर्वेअर शाकाहारी निघाला म्हणून झुणका-भाकरी.

आता ज्याला लोक मुख्य काम समजतात, म्हणजे एनए, ते त्यामानानं भराभर झालं. कर्नाटक लँड रेव्हेन्यू ॲक्ट १९६४, कलम ९५, परवानगी डीसींची. आता ते ऑनलाईन आणि ॲफिडेव्हिटवर आहे, म्हणजे आपणच शपथेवर लिहून द्यायचं की जमिनीवर वाद नाही, संपादन नाही, पीटीसीएलची (म्हणजे दलित-आदिवासी कुटुंबांना सरकारनं दिलेली) नाही वगैरे. हे वाचायला सोपं वाटतंय, खरं त्यात खोटं निघालं तर परवानगी रद्द होऊ शकते, त्यामुळे एजंटाला कोऱ्या ॲफिडेव्हिटवर सही देऊ नका, हात जोडून सांगतो. दुसरं म्हणजे कारण काय लिहिता ते बघून लिहा. माझा भाऊ म्हटला घराच्या मागं काजूचं छोटं युनिट पण टाकू, तर वकिलांनी अडवलं, रेसिडेन्शियल म्हणून घेतलेली ऑर्डर राहायलाच, कारखाना टाकला तर अटीचा भंग. कायद्यात अशी पण सोय आहे की ठरलेल्या मुदतीत डीसींनी काही कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. ते ऐकून मी खूश झालो होतो, वकील म्हटले धरा की, खरं बँक धरणार नाही.

झोनचं तेवढं आधी बघून घ्या. गाव बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) प्लॅनिंग हद्दीत येत असलं तर नकाशात तुमचा नंबर यलोमधे (राहण्यासाठी) आहे की ग्रीनमधे (शेतीसाठी) हे पहिलं बघायचं, मग पैसे घालवायचे. माझ्या ओळखीच्या एकानं सगळी कागदं जमवली, मोजणी केली, आणि शेवटी कळलं की नंबर ग्रीन बेल्टमधे. आता जमिनीचा वापर बदलायचा वेगळा अर्ज, ते प्रकरण वेगळंच. आमचं गाव हद्दीबाहेर, आम्ही वाचलो.

फेब्रुवारी २०२५ ला अर्ज, मग चलन आलं, भरलं, आणि मे मधे ऑर्डर. मी स्टेटसला टाकलं, लोकांनी पेढे मागितले. आणि तिथंच मी फसलो, कारण मला वाटलं झालं. एनए झालं म्हणजे शेती नाही एवढंच झालं, घर बांधायची परवानगी झालेली नसते. पंचायतीत गेलो तर पीडीओ (पंचायतीचे अधिकारी) म्हटले टाऊन प्लॅनिंगचं अप्रूव्हल कुठं आहे? एकाच प्लॉटला पण लागतं? लागतं. त्याशिवाय ई-स्वत्तूमधे (पंचायतीच्या ऑनलाईन नोंदीत) फॉर्म ९ निघत नाही. मग इंजिनिअर गाठला, त्यानं रस्ता दाखवून सिंगल प्लॉटचा नकाशा केला, आणि त्या नकाशात आमची गाडीवाट गावनकाशावर दाखवलीय का हा एक प्रश्न निघाला (दाखवलेली होती, नशीब), तो मंजूर झाला, तो घेऊन परत पंचायत. पंचायतीनं जागा बघितली, फोटो काढले, जीपीएस घेतलं आणि मग परवाची ती प्रिंट. बिल्डिंग लायसन्सचा अर्ज दिलाय, पुढच्या मीटिंगला येईल म्हणालेत, पंचायतराज कायद्याच्या ६४ कलमाखाली ते पंचायतच देते. त्यानंतर हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) मीटर. पाया पाडव्याला घालायचा विचार आहे, कुठल्या पाडव्याला ते मी आता सांगत नाही.

खर्च सगळ्यात जास्त कशाला झाला असं कुणी विचारलं तर सरकारी फीला नाही. पेट्रोल, झेरॉक्स, बाँड रायटर आणि तो एजंट. आणि बुडालेल्या रजा, त्याचा हिशोब ठेवला नाही, ठेवला असता तर बायकोनं वाचला असता.

काल संध्याकाळी थोरल्या आत्याचा फोन आला. मला वाटलं अभिनंदन करायला. तर म्हटली, "काय करूलास? मोकळा हाईस न्हवं? इकडं मामांच्या सातबाऱ्यावर त्यांच्या बाचं नाव चुकलंय. परशरामचं पशराम केलंय कंप्युटरात, र च खाल्लाय."

मी म्हटलं आत्या, तुमचा सातबारा तर मराठीतच असतोय की.

"व्हय तर. मराठीतच चुकलंय. तलाठी म्हणतोय १५५ कलमाखाली अर्ज करा. तुला येतंय आता सगळं. रविवारी ये, आणि येताना कुंदा आण."